पक्षविरोधी बांधकाम

पक्षाच्या वॉर्ड समितीत अकरा सभासद असावेत आणि त्यातला एक तरी श्रमिक असावा, असं पक्षाच्या घटनेत लिहिलेलं होतं. घटना कोणीच वाचलेली नव्हती, पण हेडक्लार्कनी वाचली होती. हेडक्लार्क म्हणजे समितीचे चिटणीस. सरकारी कचेरीत चाळीस वर्षं काढून निवृत्त झालेले, आणि आता सही करायला समोर कोणाचा कागद येत नाही म्हणून कासावीस झालेले. त्यांनी अध्यक्षांच्या कानावर घातलं की आपल्याकडे चार दुकानदार आहेत, एक दाताचा डॉक्टर आहे, चार नुसतेच आहेत, पण श्रमिक नाही. वरून कोणी तपासायला आलं तर पंचाईत व्हायची.

नेमका त्याच दिवशी अध्यक्षांच्या दुकानाच्या मागच्या भिंतीला गिलावा करायला गवंडी आलेला होता. अध्यक्षांनी शिडीखाली उभं राहून विचारलं, "मिस्त्री, राजकारणात येता का?"

गवंड्याला वाटलं, आतल्या बाजूला आणखी काही काम निघालंय. तो म्हणाला, "एवढं संपवून येतो."

अशा रीतीने तो समितीत आला, त्याला आता दोन वर्षं होत आली होती.

अध्यक्षांचं फर्निचरचं दुकान होतं आणि समितीच्या बैठका तिथेच होत, विकायला ठेवलेल्या सोफ्यांवर. सोफ्यांना प्लॅस्टिकचं आवरण तसंच ठेवलेलं असे. त्यामुळे कोणी जरा अंग हलवलं की करकर आवाज होई. कोणाला अध्यक्षांचं म्हणणं पटलं नाही तर तोंडाने कोणी बोलत नसे, पण करकर ऐकू येई. मधेच गिऱ्हाईक आलं तर बैठक तहकूब. मग सभासद उठून उभे राहत आणि आपण सोफे बघायलाच आलोय असा चेहरा करत. एकदा देशाच्या परराष्ट्र धोरणावरचा ठराव अर्धवट टाकून दाताच्या डॉक्टरांनी एक कपाट विकून दिलं होतं. गवंड्याला मात्र स्टूल. त्याच्या कपड्यांना सिमेंट असे, आणि श्रमिकांचा अध्यक्षांना कितीही कळवळा असला तरी सोफ्याला डाग पडलेला चालत नव्हता.

समितीत त्याचं काम एकच, हात वर करणं. ते तो मन लावून करी. गवंड्याचा हात, भिंतीसारखा सरळ वर जायचा. हेडक्लार्क मोजताना नेहमी त्याच्यापासून सुरुवात करत.

घरी मात्र त्याच्या या पदाला कोणी भीक घालत नव्हतं. बायको दारातच इस्त्रीचा धंदा चालवी. ती म्हणायची, "आपल्या मोरीचा नळ सहा महिने गळतोय आणि तुम्ही वॉर्डाचं भलं करायला निघालात!" सासूबाई त्यांच्याकडेच राहायच्या. त्यांचं तोंड म्हणजे दुधारी. आणि त्यात भर म्हणजे सासूबाईंचा मुलगा, गवंड्याचा मेहुणा, समोरच्या पक्षाच्या वॉर्ड समितीत होता. नगरपालिका त्याच पक्षाच्या हातात. चौकात कोणी शिंकलं तरी मेहुण्याचा अभिनंदनाचा फ्लेक्स लागायचा, म्हणून गाव त्याला फ्लेक्सच म्हणे. सासूबाईंना या दोन्ही पक्षांबद्दल सारखंच वाटे. त्या म्हणत, "एक पोटचा, एक पोरीचा. दोघंही वाया गेले."

आता ज्या पायऱ्यांवरून सगळं रामायण झालं, त्या पायऱ्यांबद्दल सांगितलं पाहिजे.

गवंडी राहायचा ती वस्ती उताराच्या पायथ्याशी होती. बस, बाजार, शाळा, दवाखाना सगळं वरच्या रस्त्याला. मधे त्रेसष्ट पायऱ्यांचा जिना. दोन वर्षांपूर्वी नगरपालिकेने पाण्याचा पाइप टाकायला खालून एकोणीस, वीस आणि एकवीस या तीन पायऱ्या फोडल्या, पाइप टाकला, आणि निघून गेली. तेव्हापासून लोक त्या तीन पायऱ्या कडेच्या कठड्याला लोंबकळत पार करायचे. म्हातारीकोतारी बसून खाली उतरायची. किती तक्रारी झाल्या त्याला गणती नाही.

समितीच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा गवंड्याला वाटलं, चला, दोन वर्षांत पहिल्यांदा आपल्याला कळतं असं काहीतरी बोलणं चाललंय. अध्यक्ष सांगत होते, "तीन आठवड्यांनी रविवारी आपण त्या पायऱ्यांवर जोरदार निदर्शनं करतोय. खुद्द मोठ्या ताई येणार आहेत!" मोठ्या ताई म्हणजे पक्षाच्या वरच्या पुढारी. चाळीस वर्षं राजकारणात, तीनदा मंत्री, आणि दोन्ही गुडघे गेलेले.

गवंड्याने हात वर केला. हेडक्लार्क सवयीने म्हणाले, "एक. बाकीचे?"

"नाही, मला बोलायचंय," गवंडी म्हणाला. "तीनच पायऱ्या आहेत ना? अर्ध्या दिवसाचं काम आहे. मी करून टाकतो की."

मग सगळे सोफे एकदम करकरले.

"मिस्त्री," अध्यक्ष लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, "पायऱ्या नीट झाल्या तर ताई येऊन काय करतील? व्यायाम? त्या मोडक्या पायऱ्या म्हणजे आपला प्राणवायू आहे. निवडणुकीपर्यंत त्यांना धक्का लागता कामा नये. तुम्हाला तळमळ आहे, ते चांगलंय. ती ठरावात घालू."

आणि खरोखरच ठरावात 'सभासदांनी तीव्र तळमळ व्यक्त केली' असं हेडक्लार्कनी लिहिलं.

त्यानंतर दोनच दिवसांनी सासूबाई विसाव्या पायरीवरून घसरल्या. वरच्या भाजीवाल्याशी भांडून परत येत होत्या, राग डोक्यात होता, पाय भलतीकडे पडला. पाच पायऱ्या गडगडत खाली आल्या. उजव्या मनगटाचं हाड मोडलं. प्लास्टर घालून घरी आणलं तेव्हा गवंडी खाली मान घालून उभा होता.

"जावईबापू," सासूबाई म्हणाल्या, "तुमच्या पक्षाला माझं मनगटच पाहिजे होतं तर तसं सांगायचं. घरच्या घरी मोडून घेतलं असतं. तेवढा जिना चढायचे कष्ट वाचले असते."

"तसं नाही, सासूबाई..."

"कसं मग? जावई गवंडी, आणि सासू मोडक्या पायरीवरून पडली! माझं जाऊ द्या. उद्या लोक तुमच्याकडून कुंपणाची भिंत तरी बांधून घेतील का?"

बायको इस्त्री फिरवत होती, अशी जोरात, की त्या सदऱ्याची गवंड्याला दया आली.

पुढच्या बुधवारी पक्षाची मोठी परिषद होती. अख्खी समिती सकाळी बसने जाणार होती. गवंड्याने निरोप धाडला, पोट बिघडलंय. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे निरोप देतानाच त्याला खरोखर मुरडा आला.

बस वळणाआड गेली आणि गवंडी खांद्यावर घमेलं घेऊन जिन्यावर हजर झाला. मनातून त्याला वाटत होतं की भराभर उरकू, कोणाला कळायच्या आत. पण हत्यार हातात आलं की त्याला घाई जमत नसे. छिन्नीने सगळा सैल भाग खरवडून काढला. कुजकं काही ठेवलं नाही. खालची माती ठोकून बसवली, खडी भरली, पाण्याने न्हाऊ घातली, फळ्या लावल्या, पाणसळ ठेवून पाहिली. बुडबुडा मधोमध येईपर्यंत त्याने फळी चार वेळा हलवली. इतक्यात वरच्या घराच्या खिडकीतून एक बाई डोकावली. गवंड्याने पाणसळ पाठीमागे धरली. बाई आत गेली. जरा वेळाने दोरीला बांधलेली पाण्याची बादली खिडकीतून खाली आली. वर कोणी दिसलं नाही.

मग असंच सुरू झालं. जिन्यावरून जाणारायेणारा प्रत्येक जण थबके, बघे, आणि काही न बोलता काहीतरी करून जाई. एकाने फळी धरली. एकाने वाळूचं पोतं वरून खाली आणून दिलं. टपाल्याने सायकल खाली ठेवून अर्धा तास खडी वाहिली आणि "मी आज इकडे आलोच नाही" असं सांगून गेला. दुपारी दोनला तिन्ही पायऱ्या उभ्या राहिल्या. पाय घसरू नये म्हणून गवंड्याने ओल्या सिमेंटवर काठाशी तीन-तीन रेघा ओढल्या, वर ओली पोती टाकली, बाजूने ये-जा करायला फळी लावली, आणि घरी येऊन पालथा पडला. दोन वर्षांत वॉर्डासाठी काहीतरी केल्यासारखं त्याला पहिल्यांदा वाटत होतं, आणि ते पक्षाला फसवून केलं होतं.

सिमेंटला रोज पाणी मारावं लागतं. ते काम सासूबाईंनी आपणहून घेतलं. ज्या बाईने स्वतःचा उंबरा कधी पुसला नाही, ती सकाळ-संध्याकाळ डाव्या हातात तांब्या घेऊन जिना चढू लागली. सगळ्या वस्तीला कळलं होतं, आणि सगळ्या वस्तीने तोंडाला कुलूप लावलं होतं. कळलं नव्हतं ते फक्त दोन राजकीय पक्षांना.

पाचव्या दिवशी जिन्याच्या तोंडाशी फ्लेक्स लागला. 'पायऱ्यांचे काम पूर्ण! अथक पाठपुराव्याला यश!' खाली मेहुण्याचा हसरा फोटो. फोटोत तो बोट करून काहीतरी दाखवत होता, पण फ्लेक्स उलट्या बाजूला लागल्यामुळे ते बोट जिन्याकडे न जाता सार्वजनिक मुतारीकडे जात होतं.

त्याच दिवशी मेहुणा बहिणीकडे चहाला आला.

"दाजी, काम बघितलं का? आमच्या ठेकेदाराचं."

"कुठला ठेकेदार?" गवंड्याने विचारलं.

"वरून आलाय. मोठा माणूस. फिनिशिंग बघा त्याचं! राग मानू नका दाजी, पण तुम्हा इकडच्या गवंड्यांचं काम आणि ते काम, जमीन-अस्मानाचा फरक. त्या काठावरच्या रेघाच बघा. तुम्हाला सुचलं असतं का?"

गवंड्याला ठसका लागला. बायकोने चहाचा कप मेहुण्यापुढे असा आपटला की बशीचा टवका उडाला. सासूबाई कोपऱ्यातून आपल्या मुलाला म्हणाल्या, "त्या ठेकेदाराला माझा आशीर्वाद सांग हो. म्हणावं, आईबापांनी चांगलं वळण लावलंय. सगळ्यांचेच लावत नाहीत."

मेहुणा म्हणाला, "सांगतो."

इकडे समितीची तातडीची बैठक भरली. अध्यक्षांचा चेहरा उतरला होता. दोन वर्षं नगरपालिका ढिम्म हलली नाही आणि निदर्शनं ठरताच पायऱ्या होतात, याचा अर्थ उघड होता. आपली योजना कोणीतरी फोडली. समितीत फितूर आहे!

सगळे एकमेकांकडे बघू लागले. गवंडी स्टुलाकडे बघू लागला.

फितुराचा शोध घ्यायला आणि झालेल्या कामाची तपासणी करायला त्रिसदस्यीय चौकशी समिती नेमण्यात आली. हेडक्लार्क, दाताचे डॉक्टर आणि, अध्यक्ष म्हणाले, "आपले मिस्त्री. बांधकामातलं कळणारा आपल्यात दुसरा आहे कोण?"

"मी नको," गवंडी म्हणाला.

"हा नम्रपणा झाला," अध्यक्ष म्हणाले. ठराव मंजूर झाला.

चौकशी समिती जिन्यावर गेली. दाताच्या डॉक्टरांनी वाकून पायरी पाहिली, बोटाने टकटक केली आणि म्हणाले, "आतून किडलेली वाटत नाही." हेडक्लार्क वहीत लिहीत होते. गवंडी पाणसळ घेऊन आपल्याच पायरीवर उकिडवा बसला होता. बुडबुडा मधोमध होता. काय करणार? त्याला तो हलवताही येईना. खिडकीतली बाई वरून बघत होती. सासूबाई तांब्या घेऊन आल्या, चौकशी समितीच्या पायांवर पाणी ओतलं आणि "सरका" म्हणाल्या.

अध्यक्षांनी मात्र आधीच तोड काढली होती. पायऱ्या मोडक्या नसतील तर निकृष्ट असतील! निदर्शनं रद्द करायची गरजच नाही. फक्त घोषणा बदलायच्या. शुक्रवारी हेडक्लार्कनी अहवाल टाइप करून दुकानात आणला. 'सदर काम अत्यंत निकृष्ट दर्जाचे असून आठ दिवसांत कोसळेल असे तज्ज्ञ सभासदांचे मत आहे.' खाली सहीसाठी ठिपके.

"तज्ज्ञ कोण?" गवंड्याने विचारलं.

"तुम्ही," हेडक्लार्क म्हणाले.

तीस वर्षांत त्याला कोणी तज्ज्ञ म्हटलं नव्हतं. पहिल्यांदा म्हटलं ते हे असं.

"पण काम चांगलं आहे," तो हळूच म्हणाला.

अध्यक्षांनी डोळे बारीक केले. "मिस्त्री, समोरच्यांचं काम चांगलं? तुमचा मेहुणा त्यांच्यात आहे ना हो?"

दोन सोफे करकरले. आता खरं सांगायचं तर फितूर तोच, आणि नुसती सही नाकारायची तरी मेहुण्यामुळे संशय त्याच्यावरच. इकडे आड, तिकडे विहीर. गवंड्याने पेन घेतलं आणि सही केली. भिंत चुकली तर पाडून परत बांधता येते, पण सही कशी पाडायची ते त्याला ठाऊक नव्हतं. घरी जाताना तो जिन्याने न जाता लांबच्या रस्त्याने गेला. रात्री जेवला नाही. बायकोने कारण विचारल्यावर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही आयुष्यात एक वाकडी वीट लावली नाही. ही कशाला लावलीत?"

तो भिंतीकडे तोंड करून पडला.

रविवारी सकाळी जिन्याच्या पायथ्याशी मांडव, खुर्च्या, लाउडस्पीकर, सगळा थाट. समोरच्या बाजूला फ्लेक्स आपली चार माणसं घेऊन घोषणांना घोषणा द्यायला उभा. आणि मधे अख्खी वस्ती. एवढी गर्दी बघून अध्यक्ष हरखले. त्यांना वाटलं जनक्षोभ आहे. लोक मजा बघायला आले होते.

मोठ्या ताई आल्या. पांढरे केस, जाड काठी. वीस पायऱ्या चढून जायचं आहे म्हटल्यावर त्यांनी अध्यक्षांकडे असं पाहिलं की अध्यक्ष दोन पावलं मागे सरकले. पण त्या चढल्या. विसाव्या पायरीवर उभ्या राहून धापा टाकत म्हणाल्या, "चला, आटपा."

अध्यक्षांनी माइक घेतला. "बंधू-भगिनींनो! सत्ताधाऱ्यांनी आपल्या माथी काय मारलंय बघा! आमच्या समितीतले तज्ज्ञ, तीस वर्षांचा अनुभव असलेले मिस्त्री लेखी सांगतात की ही पायरी आठ दिवसांत कोसळेल. आठ दिवस कशाला? आत्ताच दाखवतो!"

आणि त्यांनी पोत्यातून एक नवाकोरा घण काढला.

हे कोणाला ठाऊक नव्हतं. गवंड्याला तर मुळीच नव्हतं. अध्यक्षांनी घण दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला, ताई लगबगीने एक पायरी वर सरकल्या, आणि घण एकोणिसाव्या पायरीवर आदळला.

ठण्ण!

पायरीला ओरखडासुद्धा नाही. घण मात्र असा उसळला की अध्यक्षांची टोपी उडाली. लोक हसले. अध्यक्षांनी दात-ओठ खाऊन दुसरा घाव घातला. या वेळी दांडा हातात राहिला आणि घणाचं डोकं टणाटण उड्या मारत खाली गेलं. सगळी गर्दी दुभंगून त्याला वाट करून देत होती. ते पार खाली, फ्लेक्सच्या पायाशी जाऊन थांबलं.

"आमचं काम!" मेहुणा आनंदाने ओरडला. "बघा आमच्या ठेकेदाराचं काम!"

गवंड्याच्या डोक्यात काहीतरी सटकलं. शुक्रवारपासून अडकून बसलेलं होतं ते. तो पुढे झाला. माइक कसा धरतात ते त्याला माहीत नव्हतं, त्याने थापीसारखा धरला.

"काम माझं आहे," तो म्हणाला. "बुधवारी, तुम्ही सगळे परिषदेला गेलात तेव्हा केलं. माझं पोट बिघडलं नव्हतं. आणि तो अहवालही माझाच आहे. सही माझी. दोन्हीपैकी एक खोटं आहे. कुठलं ते तुम्ही आत्ता बघितलंत."

एवढंच बोलून त्याने माइक परत दिला. अठरा दिवस पाणी पिऊन घट्ट झालेल्या त्याच्या पायरीवर तो उभा होता म्हणून पडला नाही.

मग गर्दीतून सासूबाईंचा आवाज आला. "आणि पाणी मी मारलंय! डाव्या हातानं!" त्यासरशी टपाली ओरडला, "खडी माझी!" वरून खिडकीतली बाई म्हणाली, "बादली माझी!" आणि एकच गिल्ला झाला.

मोठ्या ताई हे सगळं काठीवर हनुवटी टेकून बघत होत्या. चाळीस वर्षांत त्यांनी पुष्कळ सभा उधळलेल्या पाहिल्या होत्या, काही स्वतः उधळल्या होत्या. त्यांनी अध्यक्षांच्या हातातला माइक काढून घेतला.

"बघितलंत?" त्या गरजल्या. "जे काम नगरपालिकेला दोन वर्षांत जमलं नाही, ते आमच्या पक्षाच्या साध्या कार्यकर्त्याने अर्ध्या दिवसात केलं! याला म्हणतात पक्ष!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. गवंड्याला उचलून ताईंच्या शेजारी उभं करण्यात आलं. कोणीतरी ताईंच्या हातात थापी दिली. ताईंनी ती उलटी धरली, फोटो निघाला. जाताना त्या गवंड्याच्या कानात म्हणाल्या, "मिस्त्री, माझ्या बंगल्याच्या पायऱ्या फार उंच आहेत. येऊन बघून जा एकदा." आणि गाडीत बसून निघून गेल्या. सगळ्या पंचवीस मिनिटांचं काम.

फ्लेक्स संध्याकाळी घरी आला. बराच वेळ दारात घुटमळला.

"दाजी, सांगायचं तरी मला."

"तू विचारलंस कुठे?"

"मी ठेकेदाराचा फोन नंबरसुद्धा मागितला होता कचेरीत," मेहुणा म्हणाला. "सत्कार करणार होतो." आणि मग त्यालाच हसू फुटलं. सासूबाई म्हणाल्या, "ये, बस. एक तरी गाढव खरं बोलायला शिकलंय, दुसऱ्याचं बघू." त्या दिवशी त्या घरात दोन पक्षांची युती झाली आणि भाकरी संपेपर्यंत टिकली.

वर कौतुक झालं म्हणून खाली माफी असते असं नाही. अख्खा गाव आता अध्यक्षांना 'दोन घाव' म्हणू लागला होता. ते दुकानात शिरले की गिऱ्हाईक विचारी, "अध्यक्ष, हा सोफा मजबूत आहे ना? मारून दाखवता का?" पुढच्याच आठवड्यात समितीची बैठक बोलावण्यात आली. विषय एकच: सभासद मिस्त्री यांचं सहा महिन्यांसाठी निलंबन. कारण: पक्षविरोधी बांधकाम.

हा शब्द हेडक्लार्कनी शोधून काढला होता. घटनेत 'पक्षविरोधी कारवाई' असं होतं; पण ते म्हणाले, अचूकता हवी.

अडचण एवढीच झाली की बैठकीला पाचच जण आले. घटनेप्रमाणे कोरमला सहा लागत. दाताचे डॉक्टर दवाखान्यात अडकले होते, दोघांनी लग्नाचं कारण सांगितलं, आणि उरलेल्या दोघांना म्हणे मिस्त्रीकडून गच्चीचं काम करून घ्यायचं होतं. अर्धा तास वाट बघून शेवटी अध्यक्षांनी गवंड्यालाच बोलावणं पाठवलं. तो काम टाकून आला. सवयीने स्टुलावर बसला.

"आता सहा झाले," हेडक्लार्क समाधानाने म्हणाले आणि त्यांनी ठराव वाचला. 'शिस्तभंग', 'विश्वासघात', 'विनापरवाना सिमेंट'. "ठरावाच्या बाजूने असणाऱ्यांनी हात वर करावेत."

चार हात वर झाले. पाचवे सभासद झोपले होते. हेडक्लार्कनी चष्म्यावरून गवंड्याकडे पाहिलं. "मिस्त्री, निलंबनाला पाच मतं लागतात. तुमचं काय?"

गवंड्याने विचार केला. ते काही चुकीचं म्हणत नव्हते. पक्षाने करू नको म्हटलेलं काम त्याने केलं होतं, आणि ते पुन्हा करायची त्याची तयारी होती. शिवाय सहा महिने रविवारच्या सकाळी मोकळ्या मिळणार होत्या. त्याचा हात वर गेला, सरळ, ओळंब्यात.

"एकमताने मंजूर," हेडक्लार्क म्हणाले.

गवंडी उठला, सगळ्यांना "येतो" म्हणाला आणि बाहेर पडला. वाईट वाटेल असं त्याला वाटलं होतं. प्रत्यक्षात भूक लागली होती. कोपऱ्यावर पोचतो न पोचतो तोच मागून कोणाच्या तरी चपला फटफटल्या. हेडक्लार्क होते, दम लागलेले, ठरावाची वही छातीशी धरून.

"मिस्त्री," त्यांनी आधी मागे वळून बघितलं, मग आवाज खाली आणला. "आमच्या दारातल्या गटारावरची फरशी खचली आहे. घरातून बाहेर पडायचं म्हणजे उडी मारावी लागते, आणि माझं वय आता उड्यांचं नाही. नगरपालिकेला सतरा अर्ज केले. प्रती आहेत माझ्याकडे."

"मग समितीत मांडा ना," गवंडी म्हणाला.

"समितीत?" हेडक्लार्कनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं कचेरीत नव्या उमेदवाराकडे बघत असतील. "मिस्त्री, मला फरशी बसवून हवी आहे हो."

गवंड्याने खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढून कानावर खोचला. "लांबी-रुंदी मोजलीत?"

"जाडीसकट," हेडक्लार्क म्हणाले आणि वहीतून कागद काढला. त्यावर आकृती होती, मापं होती, तारीख होती, आणि खाली सही केलेली होती.